त्या दुसऱ्याचं काय झालं?

मी घाबरट होतो. हे कुणाला खरं वाटत नसे, कारण भिवपुरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये शिरताना मला खांदा तिरका करावा लागायचा. अंगाने वाढलेल्या पोरालाही भीती वाटू शकते हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. कुत्रं अंगावर आलं की बाकीची पोरं माझ्या पाठीमागे लपायची. मी कुणाच्या पाठीमागे लपायचं, हे विचारायची सोय नव्हती. शाळेत मला कुणी मारलं नाही, घरात तर नाहीच, त्यामुळे मार कसा लागतो हेच मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीची भीती फार मोठी असते. आज पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरतात, डॉक्टर रक्त काढायला सुई घेऊन आले की मी भिंतीकडे तोंड करतो. म्हणजे त्या बाबतीत फारसा बदल नाही.

आमचं घर पॉवरहाऊसच्या जवळ होतं. घाटावरच्या तलावाचं पाणी मोठाल्या पाइपांतून डोंगर उतरून खाली यायचं आणि मशिनं फिरायची. त्यांचा घुमणारा आवाज आमच्या घरात पाहुण्यासारखा नव्हता, घरच्या माणसासारखा होता. संध्याकाळी मुंबईत दिवे लागायची वेळ झाली की आणखी एक मशिन सुरू व्हायचं आणि फडताळातली पितळी भांडी एकमेकांना हलकेच लागून किणकिणायची. आई त्या आवाजावर भात चढवायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच मशिनांवर ऑपरेटर होते. लग्नाआधी मुंबईत असताना ते एका व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकले होते. त्याची खूण म्हणून त्यांचं नाक जरा डावीकडे कललेलं होतं, आणि खाटेखाली रद्दीतून आणलेल्या इंग्रजी मासिकांचा ढीग होता. त्यांतलं इंग्रजी त्यांना अर्धं कळे. फोटो पूर्ण कळत.

ड्यूटी सुटली की ओट्यावर आप्पा आणि भोईरकाका बसायचे. भोईरकाका पोशीरचे, घरची भातशेती सांभाळून आमच्याकडे फिटरच्या नोकरीला सायकलवरून येणारे. बोलणं भाताचं निघो की साहेबांचं, फिरून फिरून गाडी हेवीवेट चॅम्पियनांवर यायची. परदेशातल्या त्या जंगी माणसांची खरी नावं आमच्या जिभेला झेपत नसत, म्हणून ओट्यावर त्यांना आमचीच नावं पडली होती. आप्पांचा लाडका होता तो ‘बिनहार’. एकही लढत न हरता ग्लोव्हज खुंटीला टांगून घरी गेलेला. भोईरकाकांचा लाडका ‘नाचरा’. तो हरला होता, पडला होता, आणि परत येऊन किताब घेऊन गेला होता. मधूनच एखादा ‘लोहार’ यायचा, ज्याच्या एका ठोशात माणूस आडवा व्हायचा. मग हिशोब चालायचा. बिनहार नाचऱ्याच्या काळात असता तर? लोहाराने ज्याला मारलं त्याला नाचऱ्याने किती फेऱ्यांत मारलं? कोण कुणाशी भिडला, कुणाला टाळून गेला, कुणाला म्हातारा होईपर्यंत थांबवून मग बोलावलं? दोघे इतके पोटतिडकीने भांडायचे की नवीन माणसाला वाटावं, जमिनीचा दावा चाललाय.

आई आत वाल सोलत बसलेली असायची. भिजवून मोड आलेल्या वालाची सालं तिच्या बोटांतून सुटून परातीत पडत. ती सगळं ऐकायची आणि एखाद्या लढतीची गोष्ट रंगात येऊन संपली की आतूनच विचारायची, “आनि त्या दुसऱ्याचं काय झालं?”

“कुठल्या दुसऱ्याचं?” आप्पा विचारत.

“जो पडला त्याचं. घरी गेला का तो? जेवला का?”

आप्पांना याचं उत्तर माहीत नसायचं, कारण मासिकात ते छापलेलंच नसे. भोईरकाका हसायचे. “वहिनी, तुमी मासिक काढा आता,” म्हणायचे. मीही हसायचो. पण अंथरुणावर पडलं की मला आईचाच प्रश्न आठवायचा. बिनहाराचे हात कसे होते ते मला आठवत नसे. खाली पडलेल्या माणसाचं तोंड मात्र डोळ्यांसमोरून हलत नसे.

मिसरूड फुटायच्या सुमारास आप्पांनी मागच्या करंजाच्या झाडाला तूस भरलेलं पोतं टांगलं आणि मला शिकवायला सुरुवात केली. पोतं मारत नाही, त्यामुळे मला ते आवडायचं. मी जोरात मारायचो. पोत्याच्या शिवणीतून तूस उडायचं, आप्पांचा चेहरा फुलायचा. मग त्यांनी माझ्या लढती जमवल्या. रायगडात माझ्या वजनाचे गडी होते किती? कर्जतच्या कॉलेजातला एक चष्मेवाला, जो चष्मा काढल्यावर मला शोधत होता. नेरळच्या हॉटेलवाल्याचा मुलगा, जो घरच्याच भज्यांवर वाढलेला. खोपोलीचा एक पोक्त गृहस्थ, ज्याला दुसऱ्या फेरीत धाप लागली. या सगळ्यांना मी हरवलं. खरं सांगायचं तर मी दरवेळी डोळे किलकिले करून हात चालवायचो, आणि पंच माझा हात वर धरायचे तेव्हा मला जिंकल्यापेक्षा सुटल्याचा आनंद व्हायचा. आप्पा ओट्यावर म्हणायचे, “दिगू अजून हरला नाय.” ते बिनहाराबद्दल ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात माझ्याबद्दलही बोलायला लागले होते. त्या आवाजाने मला धडकी भरायची.

मग ती पोपटी आली. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेतावर पोपटी लावतात. मडक्यात खाली भांबुर्डा या वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला दाबायचा, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. पोशीरला भोईरकाकांच्या शेतावर आम्ही सगळे जमलो होतो. भात कापून झालेलं शेत, पायाला टोचणारे खुंट, दिवस मावळलेला, आणि भांबुर्ड्याचा तो वास, जो मला आजही आला की आधी भूक लागते आणि मग ती संध्याकाळ आठवते. पोपटी होईस्तोवर करायला काही काम नसतं, म्हणून माणसं बोलतात. बोलणं अर्थात बिनहारावर आलं.

“तुजा बिनहार मोठा, मान्य,” भोईरकाका विस्तव सारखा करत म्हणाले. “पन त्यानं मारलं कुनाला रं? एक म्हातारा, एक उतारावरचा, एक आदीच दमलेला. निवडून मारायचा तो.”

“समोर येईल त्याला मारलं त्यानं. हरला नाय म्हंजे नाय.”

“हरवनाऱ्याला बोलावलाच नाय, मग हरेल कसा?”

लोक हसले. आप्पाही थोडं हसले. तेवढ्यावर थांबलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं. पण भोईरकाकांना हशा मिळाला होता आणि हशा मिळालेला माणूस एक वाक्य जास्त बोलतो. ते म्हणाले, “घरात पन तीच रीत दिसते. दिगूला पन तू निवडूनच देतोस.”

आप्पांनी ओंजळीत पाणी घेऊन मडक्यावर शिंपडलं. ते चुर्र करून लगेच उडालं, म्हणजे पोपटी झाली होती. पण मडकं काढायला कुणी पुढे झालं नाही. आप्पा विस्तवाकडे बघत म्हणाले, “कुंभिवलीच्या रामदासला निरोप दे. शिमग्यात खालापूरला. आमी तयार हाय.”

“अरं, मस्करी केली मी.”

“मी नाय केली.”

रामदासचं नाव मी ऐकून होतो. कर्जत-खालापूरमध्ये ग्लोव्हज घातलेल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. हायवेवर लोखंडाच्या गोदामात तो गाड्या भरायचा आणि त्याच्याशी लढायला माणूस मिळत नसे. पेणच्या एका मुलाशी त्याची लढत झाली होती, तिच्याविषयी लोक आवाज खाली आणून बोलत. शेवटी मडकं निघालं आणि कुणीतरी माझ्या हातात अंडं दिलं. मी ते सोललं आणि तसंच धरून बसलो. दोन परदेशी माणसांमध्ये मोठा कोण, या भांडणात मला ओलीस दिलं गेलं होतं. आणि गंमत अशी की त्या दोघांपैकी एकालाही भिवपुरी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. गंमत हे मी आज म्हणतो. तेव्हा मी शेकोटीच्या उजेडातून मागे सरकून अंधारात बसलो होतो.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. सकाळी जाग आली की क्षणभर बरं वाटायचं, मग आठवायचं. संध्याकाळी मशिन सुरू होऊन भांडी किणकिणली की आणखी एक दिवस कमी झाला हे कळायचं. आप्पा रोज सराव घ्यायचे. भोईरकाकांच्या मनाला तर आपली चूक इतकी लागली होती की ते मला एका रविवारी कुंभिवलीला घेऊन गेले. त्यांना वाटलं होतं, रामदास मला बघून नको म्हणेल.

रामदास गाडी भरत होता. लांब सळयांचा भारा त्याच्या एका खांद्यावर होता, दोन्ही टोकं खाली-वर लचकत होती, आणि तो त्या लचकण्याच्या तालावर पाय टाकत फळीवरून वर चढत होता. उतरून त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, तोंड पुसलं आणि आमच्याकडे आला. माझ्याएवढाच उंच. पण माझं अंग आईच्या भाताने भरलेलं होतं, त्याचं लोखंडाने. मी मनात धरलं होतं की हा शिव्या देईल, दम देईल. तसं झालं असतं तर मला त्याचा राग तरी आला असता.

“पानी घेनार का?” त्याने विचारलं आणि माठातलं पाणी आधी काकांना, मग मला दिलं. “मला माज्या वजनाचा मानूसच मिळत नाय ओ. तुमी आलात, बरं झालं.”

काकांनी सुरुवात केली, “पोरगा तसा नवीन हाय...”

“मी पन नवीनच,” रामदास म्हणाला आणि साधं, मनापासून हसला. परत येताना एसटीत काका म्हणाले, “मानूस चांगला हाय.” मला मात्र त्या हसण्याची सर्वांत जास्त भीती वाटली. हा माणूस मला रागाने मारणार नव्हता. कामासारखा मारणार होता.

आईने तिच्या परीने शोध लावला. आमच्याकडे पेणहून सुकट विकणारी एक बाई यायची, डोक्यावर पाटी, आवाज खणखणीत. आईने जवळा निवडून घेता घेता तिला रामदासशी लढलेल्या पेणच्या मुलाबद्दल विचारलं, आणि त्याचं घर तिच्याच आळीत निघालं. त्या दिवशी आईने आप्पांना जेवायला वाढलं आणि ते पहिला घास घेणार तेवढ्यात म्हणाली, “त्या पेनच्या पोराचा जबडा तारंनं बांदलावता. तार निगाली, पन भाकरी आजून चावत नाय. पेज पितो. पंगतीला बसत नाय लाजंनं.”

“खेळात लागतं,” आप्पा म्हणाले.

“तुमच्या मासिकात नवतं ना, म्हनून सांगितलं.”

आप्पांनी जेवण अर्धं टाकलं आणि ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. मी दाराआड उभा राहून वाट बघत होतो. ते उठले, आत आले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सकाळी दोरीवरच्या उड्या वाढवायच्या.” त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. आता माझीही मुलं मोठी झाल्यावर कळतं की ते नको म्हणू शकत नव्हते असं नाही. पण नको म्हटलं की भोईरकाका खरे ठरत होते, बिनहार खोटा ठरत होता, आणि आप्पांचं अर्धं आयुष्य त्या खाटेखालच्या ढिगात होतं. माणूस कुठे अडकेल सांगता येत नाही.

टॉवेलची गोष्ट इथेच सांगायला हवी. लढतीत आपला माणूस मार खात असेल तर कोपऱ्यातल्याने रिंगमध्ये टॉवेल टाकायचा, म्हणजे हार कबूल, लढत थांबते. आप्पांना याचा तिटकारा होता. एका जुन्या चॅम्पियनच्या गुरूने शेवटच्या फेरीआधी त्याला उठूच दिलं नाही, ती गोष्ट निघाली की ते म्हणायचे, “त्या मानसानं पोराच्या जल्माचं वाटोळं केलं. उठत होता तो. उठू द्यायचा.” लढतीच्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आईने ट्रंकेतून कोरा पांढरा टॉवेल काढला. आप्पांनी तो खांद्यावर टाकला. आईने तो त्यांच्या खांद्यावरून काढून त्यांच्या हातात दिला.

“खांद्यावर नको,” ती म्हणाली. “हातात धरा.”

खालापूरच्या मैदानात कुस्तीच्या आखाड्याशेजारी ताडपत्री अंथरून, चार खांबांना दोर बांधून रिंग केली होती. ऊन उतरत होतं. शिमग्याची गर्दी, भोंग्यावरची गाणी, गुळाच्या जिलब्यांचा वास. भोईरकाका माझ्या हातांना पट्ट्या बांधत होते आणि बांधलेल्या सोडून पुन्हा बांधत होते. “दूर ऱ्हा,” ते सारखं म्हणत होते, “दूर ऱ्हा त्याच्यापासून,” जणू चार खांबांत दूर जायला फार जागा होती.

घंटा झाली. मी दोन ठोसे मारले, दोन्ही त्याच्या कोपरावर. मग त्याचा पहिला ठोसा माझ्या बरगडीवर बसला आणि माझा श्वास गेला. जन्मात पहिल्यांदा मला कळलं, मार म्हणजे काय. दुखलं असं म्हणता येणार नाही, आधी नुसता आवाज झाला, आतून, आमच्या मशिनासारखा घुमणारा. दुसरा जबड्यावर. मी ताडपत्रीवर बसलो होतो, आणि पंच आकडे मोजत होते, आणि मला सगळं स्पष्ट दिसत होतं. खांबाचा चुना, कुणाची तरी लाल टोपी, समोर रामदासचे अनवाणी पाय. मी उठलो. का उठलो कुणास ठाऊक, उठू नये एवढी अक्कल मला होती. भीतीने उठवलं असेल. पंचांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हात खाली करून लढत पुन्हा सुरू केली. रामदास पुढे आला. त्याचा उजवा हात मागे जाताना मी बघितला आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली, की मला आता कधी भाकरी चावता येणार नाही.

तेवढ्यात आमच्या दोघांच्या मधे पांढरं काहीतरी आलं. टॉवेल रामदासच्या हातावर पडून खाली घसरला. त्याने ठोसा तिथेच थांबवला. त्याला ते थांबवणं किती जड गेलं असेल ते खांद्यावरून दिसत होतं.

लोकांनी आरडाओरडा केला. उठला होता की गडी, उभा होता की, कशाला टाकलं? कुणीतरी उसाचं चिपाड फेकलं. आप्पा दोराला धरून उभे होते आणि त्यांचे रिकामे हात अजून पुढेच होते. चेहरा पांढराफटक. मला पराभवाचं काही वाटलं नाही. हे लिहायला मला आजही लाज वाटत नाही. मला रडू आलं ते सुटल्याचं होतं. रामदासने दाताने ग्लोव्हजची गाठ सोडवली, जवळ आला आणि माझ्या मानेवर हात ठेवला.

“जास्त लागलं का रं?” त्याने विचारलं. मी मान हलवली. मग तो कानाशी वाकून म्हणाला, “मी पन भ्यालोवतो. तुजं अंग बगून न्हवं. त्या पेनच्या पोरासारखं परत व्हायला नको म्हनून.”

परत येताना टेंपोत मागे आम्ही तिघे होतो. जबडा हाताने धरून मी बसलो होतो. कर्जत मागे पडलं. मग आप्पा म्हणाले, “भोईर, तुजं खरं. माजा बिनहार निवडूनच मारायचा.”

“ऱ्हाऊ दे ना आता.”

“निवडून मारायचा,” आप्पा पुन्हा म्हणाले. “बरं करायचा.”

रामदास पुढे खूप लढला. जिल्हा, राज्य, त्याच्याही पुढे. आज मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर जुनी माणसं त्याची आणि त्याच्यानंतरच्यांची तुलना करत बसतात. कोण मोठा, कुणी कुणाला मारलं. एकदा मी शेजारच्या बाकड्यावर बसलो असताना एक जण म्हणाला, “रामदासचे सुरुवातीचे काय धरायचे? खालापूरला एक क्वार्टर्समधला जाडा होता, बापानंच टॉवेल टाकला.” बाकीचे हसले आणि हिशोबातून मला वगळून पुढे गेले. मी चहा संपवला. मोबाइलवर आता बिनहाराच्या साऱ्या लढती दिसतात, आणि मी बघतो ते त्याला नाही. मी त्याच्यासमोर पडलेल्यांची नावं शोधतो, पुढे ते कुठे गेले, काय करून पोट भरलं. काहींचं सापडतं, बहुतेकांचं नाही. आई आता नाही, नाहीतर तिला एकेकाचं सांगितलं असतं.

एकाचं मात्र तिला सांगावं लागलं नाही. त्या दिवशी भोईरकाकांसकट आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा दिवे लागले होते, मशिन सुरू झालं होतं. चुलीजवळ एका बाजूला पेज करून झाकून ठेवलेली होती, दुसऱ्या बाजूला तांदळाची भाकरी आणि कांद्यातला जवळा. तिने आप्पांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग माझी हनुवटी धरली आणि जबड्याच्या सांध्यावर अंगठा दाबला. “तोंड उगड,” म्हणाली. मी उघडलं. “मीट.” मी मिटलं. तिने पेजेचं भांडं उचलून फडताळात ठेवलं आणि माझ्यासमोर भाकरीचं ताट सरकवलं. मी तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि ते तिघे माझ्या तोंडाकडे बघत उभे असताना, दुखत होतं तरी, सावकाश चावून खाल्ला.